समोर समुद्र, तरी गाव जळालं: माळाकाठच्या वस्तीने आगीचं जळण कसं कमी करावं

८ ऑगस्ट २०२३. हवाई बेटांपैकी माउई बेटावरचं लाहैना हे किनाऱ्याचं गाव दुपार ते रात्र एवढ्या वेळात जळून गेलं. शंभराहून जास्त माणसं दगावली, दोन हजारांवर इमारतींची राख झाली. जीव वाचवायला लोकांनी समुद्रात उड्या टाकल्या. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळचा पॅसिफिक पॅलिसेड्स हा समुद्रालगतचा भाग असाच जळाला. त्याआधी २३ जुलै २०१८ ला ग्रीसमधल्या माती या किनाऱ्यावरच्या गावात १०४ बळी गेले. प्रत्येक वेळी फोटो बघणाऱ्यांना एकच कोडं पडतं: एवढं पाणी समोर असताना गाव जळतंच कसं?

सोलापुरात समुद्र नाही आणि दाट जंगलही नाही, तरी हे कोडं आपण सोडवायला हवं. लाहैना पर्जन्यछायेत आहे. मागच्या डोंगरमाथ्यावर जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोजला जाणारा पाऊस पडतो आणि डोंगराआडचं गाव कोरडं राहतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सोलापूरला सहाशेच्या आसपास. तीच गोष्ट, तेच कारण. दुसरं साम्य उसाचं. लाहैनाच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या ऊस होता. तिथला कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि बेटावरचा शेवटचा २०१६ मध्ये. रानं पडीक पडली आणि त्यांत गिनी गवत माजलं. होय, आपले दूधवाले शेतकरी चाऱ्यासाठी लावतात तेच. कापलं तर चारा, न कापता वाळलं तर पुरुषभर उंच जळण.

जळण म्हणजे नेमकं काय

आगीला तीन गोष्टी लागतात: उष्णता, हवा आणि जळण. एप्रिलचं ऊन कमी करणं आपल्या हातात नाही, वारा थांबवणंही नाही. हाताशी राहतं ते जळण. इथे जळण म्हणजे फक्त सरपण नव्हे. वाळलेलं गवत, पालापाचोळा, पाचट, कडबा, गोवऱ्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, शेडनेट, ताडपत्री, जे जे पेट घेऊ शकतं ते सगळं जळण.

चूल पेटवणाऱ्या बाईला हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. ती आधी पाचटाची मूठ किंवा कागद पेटवते, त्यावर काटक्या ठेवते, मग तुराट्या आणि शेवटी लाकूड. थेट बाभळीच्या ओंडक्याला काडी लावून चूल पेटत नाही. वणव्याचंही तेच. पेन्सिलीहून बारीक असलेलं वाळकं जळण तासाभराच्या उन्हात कोरडं होतं आणि क्षणात पेटतं. मनगटाएवढं लाकूड वाळायला दिवस लागतात. म्हणून वस्तीभोवती आधी काढायचं ते बारीक जळण. लोक उलटं करतात. मोठं झाड तोडतात आणि खालचं गुडघाभर गवत तसंच ठेवतात.

ओल हा दुसरा मुद्दा. वाळक्या गवतात वजनाच्या वीस-पंचवीस टक्के ओल असेल तर ते धड पेटत नाही. पहाटे दव पडलेलं गवत म्हणूनच धुमसतं. सोलापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी, पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी असताना, तीच ओल पाच टक्क्यांच्या आसपास येते. सकाळी सातला विझणारी बिडी दुपारी तीनला माळ पेटवते ती यामुळे.

घर पेटतं ते ज्वाळेने नव्हे, ठिणगीने

आगीची भिंत चालत येते आणि घर गिळते असं आपण समजतो. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी जळालेली आणि वाचलेली घरं वर्षानुवर्षं तपासली आणि वेगळं चित्र पुढे आणलं. घर वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा ते घर आणि त्याच्या भोवतालचे पहिले तीसेक मीटर ठरवतात. बरीच घरं उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारा पन्हळीतल्या पाल्यावर, लाकडी कुंपणाखाली, अंगणातल्या चटईवर पडतो, तिथे दहा मिनिटं धुमसतो आणि मग भिंतीला लागतो. वारा जोराचा असेल तर निखारे किलोमीटरभर पुढे जातात.

लाहैनात त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता. लांब दक्षिणेकडून जाणाऱ्या चक्रीवादळाने त्याला आणखी जोर दिला होता. सकाळी विजेच्या तुटलेल्या तारांमुळे लागलेली गवताची आग विझली असं वाटलं, पण दुपारी तीच पुन्हा धुमसून उठली. एकदा ती लाकडी घरांत शिरली तेव्हा गवताचं काम संपलं होतं. पुढे घरच शेजारच्या घराचं जळण झालं.

आपली जुनी माळवदाची घरं या बाबतीत भक्कम. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा थर. त्यावर निखारा पडून विझून जातो. पण आज शेतातली वस्ती बघा. पत्र्याचं शेड, पत्र्याखाली लाकडी वासे, शेडला टेकवलेल्या कडब्याच्या पेंढ्या, कोपऱ्यात ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं, मागे गोवऱ्यांचा हुडवा. घर दगडाचं असलं तरी त्याला गवताची गोधडी गुंडाळलेली आहे.

वस्तीभोवतीची तीन कडी

पहिलं कडं भिंतीपासून दीड मीटर, म्हणजे पाच फुटांचं. या पट्ट्यात पेटण्यासारखं काहीही नको. आपल्या आजीचं सारवलेलं, झाडलेलं अंगण हेच ते कडं. शहाबादी फरशी, मुरूम, उघडी माती, काहीही चालेल. तुळशीवृंदावन राहू द्या, पण वेलांचा मांडव भिंतीला टेकलेला नको. सरपण, गोवऱ्या, नळ्या, खताची रिकामी पोती, जुनी शेडनेट इथून हलवायची. पत्र्यावर साठलेला कडुनिंबाचा पाला मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा झाडून काढायचा. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब पान गाळतो आणि नेमका तोच काळ आगीचा. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट बारीक जाळीने किंवा सिमेंटने बुजवायची, कारण निखारा तिथूनच आत जातो.

दुसरं कडं दीड मीटरपासून नऊ-दहा मीटरपर्यंत. इथे गवत असलं तरी चार बोटांहून उंच नको. झाडं चालतील, सावली लागतेच. मात्र गवत, मग घाणेरीचं झुडूप, मग बाभळीची लोंबती फांदी, मग शेंडा, अशी शिडी तयार होऊ द्यायची नाही. झाडाच्या खालच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंत छाटाव्यात. लहान झाड असेल तर उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. झाडाखालची घाणेरी, वेडी बाभूळ काढावी. ओढ्याकाठी शिंदी असेल तर तिच्या वाळलेल्या, खाली लोंबणाऱ्या झावळ्या उतरवाव्यात. त्या पेटल्या की मशालीसारख्या उडतात. कोकणात नारळाच्या झावळ्यांची हीच गत.

तिसरं कडं दहा ते तीस मीटर. कडब्याची गंज इथे हवी, घराला टेकून नको. सोलापूर-मंगळवेढ्याकडे रब्बी ज्वारी निघते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे वर्षातलं सगळ्यात मोठं जळण आगीच्या हंगामाच्या तोंडावर वस्तीवर येतं. गंज घर आणि गोठा दोन्हींपासून किमान पंधरा मीटर लांब रचा. उन्हाळ्यात दुपारी तुमच्या वस्तीवर वारा कुठून येतो ते आठवडाभर बघा आणि गंज वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे ती पेटली तरी निखारे घरावर येणार नाहीत. गंजीभोवती तीन मीटरचं कडं कुदळीने खरडून उघडी माती करा. आणि जमेल तर एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान रचा, मध्ये दहा मीटर सोडून. दोन्ही एकदम जाण्याची शक्यता पुष्कळ घटते आणि जनावरांना निम्मा चारा तरी उरतो. गंजीवरून विजेची तार जात असेल तर जागाच बदला. वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या सरळ खाली पडतात. उसाचे फड असे जळाल्याचं दर उन्हाळ्यात ऐकू येतं.

बांध म्हणजे वात

सोलापूरच्या शिवाराला एक मोठा फायदा आहे. ज्वारी काढल्यावर काळी रानं उघडी पडतात, भेगाळलेल्या जमिनीवर धसकटांशिवाय काही नसतं. त्यातून आग पुढे सरकत नाही. नांगरलेलं रान, पाणंद, कॅनॉल, डांबरी रस्ता ही सगळी तयार आडकाठी. मग माळावरची आग वस्तीपर्यंत येते कशी? बांधावरून. दोन काळ्या रानांच्या मधला बांध कंबरभर कुसळी गवताने आणि बोरीच्या काट्यांनी भरलेला असतो. तेलात समईची वात असते तसा तो माळापासून वस्तीपर्यंत पसरलेला असतो. म्हणून सगळे बांध साफ करत बसू नका. माळ जिथे शेताला लागतो तिथे, आणि वस्तीच्या अलीकडे तीस मीटरवर, प्रत्येक बांध दहा-बारा मीटर लांबीपर्यंत बुडापासून कापून गवत उचलून न्या. वात दोन ठिकाणी तोडली की झालं. दोन मजुरांचं एका सकाळचं काम आहे.

डीपीचीही काळजी घ्या. रोहित्राखाली वाळलेलं गवत हे आगीला आमंत्रणच. पण स्वतः विळा घेऊन कुंपणात शिरू नका. वीज कंपनीच्या लाइनमनला बोलावून पुरवठा बंद करून घ्या आणि मगच काम करा.

जाळरेषा किती रुंद?

माळ आणि वस्ती यांच्यामध्ये गवत नसलेला जो पट्टा काढतात त्याला वनखात्यात जाळरेषा म्हणतात. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्यामुळे हे काम त्याआधी उरकायचं असतं. वनखात्याची रीत अशी: पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत जमिनीलगत कापून कड मोकळी करायची, मधलं गवत पहाटे किंवा संध्याकाळी वारा पडला की, माणसं आणि झोडपे (आग झोडपून विझवायची साधनं) घेऊन, जाळून टाकायचं. हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे. वस्तीवाल्यांनी मधलं गवतही कापून उचलावं. जाळायला जाऊन माळच पेटला अशा आगी पुष्कळ.

रुंदीचा हिशेब ज्योतीच्या लांबीवरून लागतो. हेक्टरी दोन टन वाळलेलं गवत आहे आणि आग सेकंदाला एक मीटर वेगाने पुढे सरकते आहे असं धरा. ज्योत तीन मीटरच्या पुढे जाते. तिच्या समोर माणूस उभाच राहू शकत नाही. तेच गवत कापून पाव टन-अर्धा टनावर आणलं की आगीचा वेगही पडतो आणि ज्योत मीटरभरावर येते. सव्वा मीटरच्या, म्हणजे चार फुटांच्या आतली ज्योत माणसं झोडप्याने आणि पाण्याने आवरू शकतात, त्यावरची नाही. जळण कमी करण्याचा खरा उपयोग हाच: आग लागतच नाही असं नाही, पण ती माणसाच्या आवाक्यात येते. पट्टा ज्योतीच्या निदान दुप्पट रुंद हवा. तीन मीटर ज्योत तर सहा मीटर पट्टा. बार्शीकडे बालाघाटाच्या चढावर वस्ती असेल तर जास्त, कारण चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

सपाट काळ्या रानात कुळवाच्या दोन-तीन पाळ्या देऊन पट्टा होतो. मुरमाड उतारावर मात्र नांगर-कुळव नको. बारमाही गवताची मुळं उपटली जातात, पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि त्या उघड्या जागेत काँग्रेस गवत आणि घाणेरी येतात. तिथे गवत बुडापासून कापा, मुळं राहू द्या.

ब्रश कटर वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. लोखंडी पातं गारगोटीवर आपटलं की ठिणगी उडते, आणि आपला माळ गारगोट्यांनी भरलेला आहे. उन्हाळ्यात नायलॉनची दोरी लावा आणि सकाळी दहाच्या आत काम थांबवा. तापलेलं यंत्र वाळक्या गवतावर टेकवू नका आणि गरम असताना पेट्रोल भरू नका. त्याहून चांगलं म्हणजे हे काम ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्येच करणं. तेव्हा गवताला ओल असते, कुसळं पक्की झालेली नसतात आणि कापलेलं गवत चारा म्हणून जातं. मार्चमध्ये तेच गवत जनावर तोंडात घेत नाही.

"मग दरवर्षी सगळा माळच जाळून टाकला तर?"

हा प्रश्न दर गावात निघतो, त्यामागे अनुभवही आहे. जाळलेल्या माळावर कोवळी पालवी लवकर फुटते. पण ती राखेच्या खताची एकदाची उसनवारी आहे. दरवर्षी जाळलं की गवतातला नत्र हवेत जातो, जमीन उघडी पडते, वळीव पाऊस माती नेतो, आणि पवन्या, मारवेल यांच्यासारखं चांगलं चाऱ्याचं गवत मागे पडून कुसळी उरते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते याच माळरानासाठी. माळढोक, चंडोल, तित्तिर जमिनीवर अंडी घालतात. काळविटाचं पाडस धोका आला की पळत नाही, गवतात दबून बसतं. आग त्याला तिथेच गाठते. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० खाली गुन्हाही आहे. माळ हा आपला शत्रू नाही. काम करायचं ते वस्तीच्या बाजूच्या पट्ट्यावर. आतला माळ माळासारखाच राहू द्यायचा.

"मेंढरं चारली की काम झालं ना?"

बऱ्याच अंशी, हो. कॅलिफोर्नियात आणि पोर्तुगालमध्ये यासाठी शेळ्यांचे कळप मुद्दाम वापरतात. आपल्याकडे सांगोला, माळशिरस, मंगळवेढ्याचे धनगर बांधव हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. युक्ती एवढीच की कळप माळभर पांगू न देता जाळरेषेच्या पट्ट्यातच चारावा आणि रात्री तिथेच मेंढ्या बसवाव्यात. खाणं, तुडवणं आणि लेंडीखत तिन्ही एका जागी होतं. हे दिवाळीनंतर लगेच करायला हवं. कुसळं पक्की झाली की ती मेंढीच्या तोंडात आणि लोकरीत रुततात, धनगर कळप आणायला नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. मेंढ्या घाणेरी खात नाहीत, ती हातानेच काढावी लागते.

"पाचट जाळायचं नाही, ठेवायचंही नाही, मग करायचं काय?"

हेक्टरभर उसातून आठ-दहा टन पाचट निघतं. ते शेतात ठेवणंच योग्य: ओल टिकते, तण दबतं. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी दिलं की ते कुजायला लागतं आणि ओलं पाचट पेटत नाही. अडचण येते ती तोडणी आणि पहिलं पाणी यांच्यामधल्या दिवसांत. त्या काळात वस्ती, डीपी आणि पाणंद यांच्या बाजूच्या दहा मीटरमधलं पाचट आत ओढून घ्या आणि पाण्याची पाळी त्या कडेपासून सुरू करा.

"विहीर आहे, बोअर आहे, पाण्याची काय चिंता?"

लाहैनाच्या माणसांनाही पाणी समोर दिसत होतं. पण वीज गेली, जळालेल्या घरांतले नळ फुटून पाणी वाहून गेलं आणि अग्निशमनाच्या नळांचा दाब पडला. आपल्या वस्तीवर आग लागली की वीज आधी जाते, कधी कधी आग लागते तीच तारेमुळे. बोअरची मोटर मग काय कामाची? जे पाणी विजेशिवाय हाताला लागतं तेच खरं. दोन-तीन दोनशे लिटरचे ड्रम, बादल्या, ओली पोती आणि पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप, औषधाचा अंश राहू नये म्हणून तीनदा धुतलेला. लहान ज्योतीवर आणि धुमसत्या कडेवर हा पंप फार उपयोगी पडतो. द्राक्ष-डाळिंबवाल्यांकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध फवारणारं यंत्र, असतो. त्याची पाचशे-सहाशे लिटरची टाकी मार्च ते जून भरून ठेवा, मात्र आगीवर वापरताना पंखा बंद ठेवून फक्त गनने पाणी मारा. पंखा चालू राहिला तर तो भात्याचं काम करतो.

आग मोठी असेल तर तिच्या तोंडासमोर उभं राहू नका. बाजूने, आधीच जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून काम करा. जळायचं ते तिथे जळून गेलेलं असतं, म्हणून तीच सुरक्षित जागा. अग्निशमनासाठी १०१, आपत्तीसाठी ११२, वनखात्याची मदतवाहिनी १९२६.

"मी केलं, शेजाऱ्याने नाही केलं तर?"

लाहैनात घरं इतकी जवळजवळ होती की एकट्याने स्वच्छ ठेवलेलं अंगण पुरलं नाही. गावठाणात आपलीही तीच स्थिती. शेजारच्या माळवदावर कडबा रचलेला असेल तर तुमच्या सारवलेल्या अंगणाचा फायदा निम्मा होतो. म्हणून गावठाणातला कडबा गावाबाहेर एका जागी, गंजींमध्ये अंतर सोडून रचायचं ठरवणं हे ग्रामसभेचं काम आहे, आणि ते ज्वारी निघण्याआधी, जानेवारीत ठरलं पाहिजे. एकदा गाड्या उतरल्या की कुणी गंज हलवत नाही. शेतात दोन वस्त्यांच्या सामाईक बांधाला दोघांच्या गंजी पाठीला पाठ लावून उभ्या असतात, कारण प्रत्येकाला आपलं रान मोकळं हवं असतं. तिथे दोघांनी आपापल्या हद्दीत पाच-पाच मीटर मागे सरून रचावं आणि मधल्या दहा मीटरवर बांधासकट काही वाळकं ठेवू नये.